दाराचे पैसे

एकतीस वर्षं पाचगणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात
मी दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले.
धुक्यात वायरी भिजायच्या,
लोक ओरडायचे, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का,
आणि जूनपासून फेब्रुवारीपर्यंत
माझे गुडघेच तेवढे ओ द्यायचे.

डॉक्टर म्हणाले, उबदार गावी जाऊन राहा.
जसं काही उबदार गाव
कोमट पाण्याबरोबर घ्यायचं असतं
जेवणानंतर.

कुंदाने वही आखली. थोरली ती,
साखर कारखान्याच्या हिशेबात उमर गेली तिची.
भाडं, डॉक्टर, विहिरीचं पाणी, पायऱ्या.

हर्णैला ती लिलावातल्या सुरमईच्या भावावर खूश झाली,
पण घर टेकडीवर, पायऱ्या बासष्ट.
काट.
गुहागरला मालकाने विचारलं, मुलं कुठे असतात?
नसतात, आम्ही म्हणालो.
त्याने चहा संपवला,
किल्ली खिशातच राहिली.
देवगडला वारा असा
की दोघींना एकमेकींचं बोलणं कळेना.
ऐकू येतंय का, कुंदा ओरडली,
आणि मी म्हटलं, चल,
ही नोकरी मी केलीय.

वेंगुर्ल्याला उतरलो मे महिन्यात, दुपारी दीडला.
सगळं गाव झोपलेलं.
फळ्या लावलेली दुकानं, फळीखाली मांजर,
कुणाच्या तरी अंगणात तट्ट्यावर
आमसुलं काळी पडत चाललेली.
कुणीही आमची वाट पाहत नव्हतं.
बंद औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकलो
तर दगडाची ऊब लुगड्यातून वर चढली,
मांड्यांत, कमरेत,
आणि माझ्या गुडघ्यांनी
किती वर्षांनी
तक्रार मागे घेतली.

चारला दुकानदाराने फळ्या काढल्या.
खंयसून इलात?
पाचगणी.
थंड हवा सोडून हंय कित्याक?
तो हसला, कुंदाही हसली,
मी पायरीवरून उठले नाही.

त्यानेच गिरपबाईंकडे पाठवलं.
मागच्या दोन खोल्या, पायऱ्या तीन,
आडाचं पाणी एप्रिलात जरा मचूळ.
बाई म्हणाल्या, माझे दोनय झील ठाण्याक.
हंय म्हाताऱ्यांचो काय दुकाळ पडलो नाय.
मग आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत,
भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं,
तुमच्यातली एक गेली, तर दुसरी काय करतली?

कुंदाने वही उघडली.
तिथे असा रकाना नव्हता.
पंखा फिरत राहिला. बाहेर कुणीतरी
रहाट ओढत होतं, दोरी करकरत वर येत होती.

रोज सकाळी साताक मी दार वाजवीन,
बाई म्हणाल्या. उघडला नाय तर फोडीन.
दाराचे पैशे आधीच देवन ठेवा.

कुंदाने पेनचं टोपण काढलं
आणि लिहिलं, दार: पंधराशे.

आता सुख वगैरे म्हणशील तर
घामोळं आहे, वीज जाते,
पावसाळ्यात पाचगणीचे सात स्वेटर
ट्रंकेत बुरशीने पांढरे झाले.
कुंदाने त्यातला एक उसवला
आणि दोडक्याचा वेल मांडवाला बांधला निळ्या लोकरीने.
टिकायचा नाही हा, गिरपबाई म्हणाल्या.
टिकला नाही.
बांगडे स्वस्त होतात तेव्हा त्या दोन जास्त देतात
आणि दोन दिवस त्याबद्दल बोलतात.

सातला टकटक होते.
कुंदा आतून खोकते,
तेवढं त्यांना पुरतं.
ती झोपलेली असली तर मी म्हणते, येतंय ऐकू.
कधी कधी मात्र मुद्दाम गप्प राहते,
दुसऱ्यांदा वाजेपर्यंत,
तिसऱ्यांदा,
कडीवर त्यांचा हात थांबल्याचं ऐकू येईपर्यंत.

दार फणसाचं आहे, जुनं, चार बोटं जाड.
पंधराशेत व्हायचं नाही.
हे त्यांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असणार.